डोलकाठीवर साहित्य बसवताना रिव्हेट मारावेत की आटे पाडून स्क्रू लावावेत?

शीडवाला

नमस्कार. माझ्या शिडाच्या बोटीची लांबी सुमारे नऊ मीटर असून तिची ॲल्युमिनियमची डोलकाठी सध्या उतरवून आधाराच्या लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली आहे. बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) खाली ओढून धरणाऱ्या व्हँगचे ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचे आहे आणि ते आधीच्या मालकाने सहा ॲल्युमिनियमच्या पॉप रिव्हेटांनी (आतला खिळा ओढला की पलीकडची बाजू फुगून पक्के बसणारे पोकळ रिव्हेट) बसवले होते. काल ते तपासत असताना दोन रिव्हेटांची डोकी नुसत्या बोटाच्या धक्क्याने निघून आली, तिसऱ्याभोवती पांढरी भुकटी साचलेली दिसली आणि आसपासच्या रंगाला फोड आलेले आढळले.

डोलकाठी खाली आहे तोवर तीन कामे उरकून घ्यावीत असा विचार आहे. व्हँगचे ब्रॅकेट पुन्हा पक्के करायचे आहे, हॅलयार्डसाठी (शीड वर चढवणारी दोरी) एक नवी विंच (दोरी ओढण्याचा फिरता ड्रम) बसवायची आहे आणि लेझी जॅकच्या, म्हणजे उतरणारे शीड बूमवर सावरून धरणाऱ्या दोऱ्यांसाठी चार लहान कड्या लावायच्या आहेत. माझ्या ओळखीतील एक गृहस्थ म्हणतात की सगळीकडे मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट मारून मोकळे व्हावे, तर दुसरे म्हणतात की रिव्हेट हा आळशी माणसाचा मार्ग असून आटे पाडून मशीन स्क्रू लावावेत. डोलकाठीची भिंत तीन मिलिमीटर जाडीची आहे असे मी धरून चाललो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नांगर

सगळीकडे मोनेल मारावेत. हा विषय माझ्या मते येथेच संपतो.

धातुविचार

नांगर यांच्या इतक्या थोडक्यात हा विषय संपू नये असे मला वाटते, कारण तुमचे ब्रॅकेट का सुटले हे आधी समजून घेतले नाही, तर नवे रिव्हेटही त्याच वाटेने जातील.

खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या जोडात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला अधिक सक्रिय धातू झिजतो. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस यांच्या जोडीत झिजण्याची पाळी नेहमी ॲल्युमिनियमवर येते. मात्र झीज किती वेगाने होईल हे दोन्ही धातूंच्या उघड्या पृष्ठभागांच्या प्रमाणावर फार अवलंबून असते. मोठ्या ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत एक लहानसा स्टेनलेसचा स्क्रू असेल, तर झीज मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि ती वर्षानुवर्षे सोसण्याजोगी राहते. तुमच्याकडे नेमके उलटे झाले आहे. तळहाताएवढे स्टेनलेसचे ब्रॅकेट आणि त्याला धरून ठेवणारे सहा चिमुकले ॲल्युमिनियमचे रिव्हेट अशी ती रचना होती. सगळी झीज त्या सहा रिव्हेटांवर एकवटली आणि त्यांनी मान टाकली. स्टेनलेसची वस्तू ॲल्युमिनियमच्या रिव्हेटांनी कधीही बसवू नये, हा नियम डोळे झाकून पाळण्यासारखा आहे.

आता मोनेलविषयी. मोनेलमध्ये साधारण दोन तृतीयांश निकेल आणि उरलेल्या भागात मुख्यतः तांबे असते. ते ॲल्युमिनियमशी ‘जमवून घेते’ असे सर्रास सांगितले जाते, परंतु धातूंच्या विद्युत-रासायनिक क्रमवारीत त्याची जागा गंजरोधक अवस्थेतल्या स्टेनलेसच्या जवळपासच आहे. म्हणजे ॲल्युमिनियमच्या दृष्टीने दोघेही सारखेच परके आहेत. मोनेल वापरायचे ते त्याची ताकद, त्याचा मऊपणा आणि हवा न पोहोचणाऱ्या फटीत टिकण्याची त्याची क्षमता यांसाठी. ते वापरले म्हणून दोन धातूंना अलग ठेवणारा मधला थर देण्यातून सुटका होत नाही.

अर्धा_आटा

धातुविचार यांचा प्रतिसाद जपून ठेवण्याजोगा आहे. त्यात एवढीच भर घालतो की धातू ठरवण्याआधी ओढ कोणत्या दिशेने आहे ते ठरवावे. पॉप रिव्हेट कातरणारा जोर, म्हणजे भिंतीला समांतर ओढ, चांगला सोसतो. त्याला भिंतीतून उपटून काढणारी ओढ किंवा एका कडेने सोलून काढणारी ओढ मिळाली की तो लवकर ढिला पडतो. लेझी जॅकच्या कड्यांवरचा भार थोडा असतो आणि तो बहुतांशी भिंतीला समांतर येतो, म्हणून तेथे रिव्हेट पुरेसे आहेत. त्यातही कड्या ॲल्युमिनियमच्या मिळाल्या तर ॲल्युमिनियमचेच रिव्हेट चालतील आणि धातूंच्या भांडणाचा प्रश्नच उरणार नाही.

विंचचे तसे नाही. दोरीची ओढ भिंतीला समांतर असली, तरी ती भिंतीपासून काही अंतरावर ड्रमला मिळते. उदाहरणादाखल ओढ 300 किलो, ड्रमवरची दोरी भिंतीपासून 60 मिलिमीटर दूर आणि वरच्या व खालच्या स्क्रूंमधले अंतर 80 मिलिमीटर असे धरले, तर वरच्या स्क्रूंवर मिळून सुमारे 225 किलोची उपटणारी ओढ येते. तेथे रिव्हेट नकोत.

उलटा_वारा

गणित बरोबर आहे, परंतु स्क्रू चुकीचे निवडले आहेत. हॅलयार्ड डोलकाठीतून विंचच्या वरच्या बाजूला बाहेर पडते आणि खाली येऊन ड्रमवर गुंडाळले जाते. म्हणजे ते ड्रमला वर ओढते. अशा ओढीने विंचच्या तळाची वरची कड भिंतीवर दाबली जाते आणि खालची कड उचलली जाते. त्यामुळे 225 किलोचा तो भार खालच्या स्क्रूंवर येतो.

अर्धा_आटा

मान्य आहे. मी इतकी वर्षे वरचे स्क्रू दरवर्षी इमानदारीने तपासत आलो आहे आणि खालच्यांकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. उद्या सकाळी पहिले काम तेच करतो.

सागरिका

व्हँगच्या ब्रॅकेटबद्दल माझा अनुभव लिहिते. व्हँगची ओढ तिरपी असते. ती ब्रॅकेटला वर खेचते आणि त्याच वेळी मागेही खेचते, शिवाय बूम एका बाजूला पूर्ण उघडली की ब्रॅकेट पिळले जाते. माझ्या बोटीवरचे पहिले ब्रॅकेट सपाट तळाचे होते आणि ते डोलकाठीच्या मागच्या बाजूवर चार रिव्हेटांनी बसवलेले होते. मागे जाणारी सगळी ओढ रिव्हेटांना सरळ उपटत असे. दोन हंगामांत त्याचा तळ इतका उचलला गेला की खालून पोस्टकार्ड सरकवता आले असते.

त्यानंतर मी डोलकाठीच्या गोलाईला दोन्ही बाजूंनी मिठी मारणारे, खोगिराच्या आकाराचे ब्रॅकेट बसवले. त्याचे सगळे रिव्हेट डोलकाठीच्या कुशीवर आहेत. ओढ वर असो किंवा मागे असो, कुशीवरच्या रिव्हेटांना ती कातरणारी ओढ म्हणूनच मिळते. मोनेलचे आठ रिव्हेट आहेत आणि ते अजून हललेले नाहीत. तेव्हा रिव्हेट की स्क्रू या प्रश्नाआधी ब्रॅकेटचा आकार पाहावा, असे मी सुचवेन.

नांगर

म्हणजे शेवटी मोनेलच निघाले. मी एका ओळीत सांगितले होते.

सागरिका

नांगर, आकार चुकला असता तर तुमचे मोनेलही उपटून आले असते. तुमच्या ओळीत आकाराचा उल्लेख नव्हता.

कानस

प्रत्यक्ष कामाच्या काही गोष्टी सांगतो, कारण चांगला रिव्हेट वाईट हाताने मारला की तोही वाईटच ठरतो.

जुना रिव्हेट काढताना त्याच्या डोक्यावर ड्रिल टेकवले की सैल झालेला रिव्हेट बिटाबरोबर गरगर फिरू लागतो आणि भोक मोठे होत जाते. अशा वेळी बारीक छिन्नीची धार डोक्याखाली सरकवून ते धरून ठेवावे, डोके उडेपर्यंतच ड्रिल चालवावे आणि उरलेली दांडी पंचाने आत ठोकावी. 4.8 मिलिमीटरच्या रिव्हेटाला साधारण 4.9 चे भोक लागते. जुने भोक लांबट झाले असेल तर तेथे पुन्हा त्याच मापाचा रिव्हेट मारू नये. ते 6.5 पर्यंत वाढवून 6.4 चा रिव्हेट मारावा किंवा ब्रॅकेट थोडे सरकवून नवी भोके पाडावीत.

रिव्हेटाची लांबी निवडताना डोलकाठीची भिंत, ब्रॅकेटचा पत्रा आणि मधला थर या तिन्हींची जाडी मिळवावी लागते. लांबी कमी पडली तर आतली बाजू नीट फुगत नाही, आणि बाहेरून डोके मात्र अगदी सुरेख बसलेले दिसते, हीच यातली फसवणूक आहे.

हातात मावणाऱ्या साध्या रिव्हेट-पकडीने मोठे मोनेल मारण्याचा प्रयत्न करू नये. मी तो केला आहे. पकडीचे दोन्ही दांडे वाकले, मनगट आठवडाभर दुखले आणि रिव्हेट अर्धवट ओढलेला राहिला, जो नंतर ड्रिलनेही निघेना. लांब दांड्यांची, दोन्ही हातांनी चालवायची पकड मिळवावी.

खुळखुळा

एक बारीक सूचना आहे. रिव्हेट ओढल्यावर त्याच्या खिळ्याचे टोक कधी कधी सुटून डोलकाठीच्या आत पडते. मी एकदा चौदा रिव्हेट मारले आणि आत पडलेली टोके न काढताच डोलकाठी उभी केली. त्या वर्षी बोटीवर झोपलेल्या प्रत्येक पाहुण्याने मला सकाळी विचारले की रात्रभर भिशीचे डबे कोण वाजवत होते. सभासदनावाचा उगम आता आपल्या लक्षात आला असेल.

धातुविचार

खुळखुळा यांचा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोनेलच्या पुष्कळ रिव्हेटांचा खिळा साध्या पोलादाचा असतो. त्याचा तुकडा रिव्हेटाच्या पोकळीत राहिला तर तो गंजतो आणि डोक्यातून तांबूस ओघळ खाली उतरतात. तो तुकडा बारीक पंचाने ठोकून आत पाडावा, डोलकाठी आडवी असतानाच सगळे तुकडे झटकून बाहेर काढावेत आणि रिव्हेटाच्या भोकात सीलंट भरावे.

शीडवाला

सर्वांचे मनापासून आभार. व्हँगसाठी खोगिराच्या आकाराचे ब्रॅकेट घेण्याचे ठरवले आहे. विंचसाठी M6 चे चार स्टेनलेस मशीन स्क्रू, 5 मिलिमीटरचे भोक आणि त्यात टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) आटे असा बेत आहे. स्क्रू A4 दर्जाचे, म्हणजे 316 जातीचे मिळाले आहेत. हा बेत योग्य आहे का?

उलटा_वारा

त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, कारण तो अजून कोणीच विचारलेला नाही. भिंतीची जाडी तुम्ही ‘धरून चालला’ आहात, ती मोजली आहे का?

एका टोकाला बारीक आकडा वळवलेली कडक तार जुन्या रिव्हेटाच्या भोकातून आत घालावी, आकडा आतल्या बाजूला टेकवून तार ताठ ओढावी आणि बाहेरच्या कडेशी तारेवर टोकदार खूण करावी. आकड्याच्या आतल्या कडेपासून खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे भिंतीची जाडी. हॅलयार्ड बाहेर पडण्याची खाच जवळ असेल तर व्हर्नियरचे जबडे तेथेच थेट बसतात.

शीडवाला

मोजली. खाचेपाशी व्हर्नियर लावून तीन वेळा पाहिले आणि तिन्ही वेळा 2.6 मिलिमीटर आली. मी ज्या तीनवर विसंबलो होतो तो आकडा कोठून आला हे मलाच आता आठवत नाही.

अर्धा_आटा

या 0.4 मिलिमीटरने चित्र बदलते. M6 च्या आट्यांचे अंतर 1 मिलिमीटर असते, म्हणजे तुम्हाला अडीचच आटे मिळतील. M5 चे अंतर 0.8 असल्यामुळे त्यात तीनापेक्षा थोडे जास्त आटे बसतात. किमान तीन पूर्ण आटे पकडले गेले पाहिजेत असा जुना नियम आहे, म्हणून M5 घ्यावेत आणि त्यासाठी 4.2 चे भोक पाडावे.

उलटा_वारा

मला हे पूर्णपणे पटत नाही. आटे सोलून निघतात तेव्हा कातरला जाणारा भाग ढोबळमानाने स्क्रूचा परीघ गुणिले भिंतीची जाडी इतका असतो. जाडी तीच असताना M6 चा परीघ मोठा आहे, त्यामुळे कागदावर M6 कमजोर ठरत नाही. टॅप मारताना भोकाच्या दोन्ही कडांचा आटा अर्धवट निघतो आणि मोठ्या अंतराच्या आट्यात हे नुकसान जास्त होते, एवढे मात्र खरे आहे. हे सगळे जमेस धरले तर M5 आणि M6 यांत फारसा फरक उरत नाही, आणि 2.6 मिलिमीटरच्या नुसत्या भिंतीत उपटणाऱ्या ओढीसाठी मी दोन्हींवर विसंबणार नाही. ॲल्युमिनियममध्ये आट्यांची पकड स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट तरी असावी असे मानतात. M6 साठी ती 9 मिलिमीटर होते.

वाचनमात्र

मी येथे सहसा फक्त वाचत असते. आरपार बोल्ट घालून हा प्रश्न कायमचा सुटणार नाही का?

सागरिका

आरपार बोल्ट मजबूत असतो, परंतु नट आवळताना पोकळ डोलकाठीच्या दोन्ही भिंती आत दबू लागतात. ते टाळण्यासाठी बोल्टवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पोहोचणारी नळी घालावी लागते, म्हणजे आवळण्याचा दाब ती नळी घेते. आडणींची (डोलकाठीवरच्या आडव्या दांड्यांची) मुळे आणि ताणतारांच्या (डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांच्या) वरच्या जोडण्या यांसाठी ती पद्धत योग्यच आहे. विंचच्या जागी मात्र आतून हॅलयार्ड आणि दिव्यांच्या तारा जात असतात. आडव्या नळ्या त्यांच्या वाटेत येतात आणि दोरी त्यांवर घासत राहते.

कानस

यावर मधला मार्ग आहे आणि तो मी स्वतः दोनदा केला आहे. भिंतीच्या आतून 8 ते 10 मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी लावायची आणि आटे त्या पट्टीत पाडायचे.

पट्टीची रुंदी हॅलयार्डच्या खाचेतून आत जाईल इतकीच ठेवावी. तिचा एक चेहरा डोलकाठीच्या आतल्या गोलाईला बसेल असा कानशीने घासून घ्यावा. चारही भोके पट्टीत आणि डोलकाठीत आधी जुळवून पाडावीत आणि पट्टीत टॅप मारून ठेवावा. मग विंचच्या एका भोकातून पातळ तार आत सोडून ती खाचेतून बाहेर काढावी, पट्टीच्या त्याच क्रमांकाच्या आटे पाडलेल्या भोकात ओवून मागच्या बाजूला गाठ मारावी आणि पट्टी आत ढकलून तार हलके ओढत न्यावी. पट्टी जागेवर आली की भोकातून तिचे आटे चमकताना दिसतात. तो क्षण आला की दुसऱ्या भोकातून पहिला स्क्रू लावावा, तार तेवढ्यापुरती सोडू नये. मी पहिल्या वेळी घाईने सोडली आणि पट्टी घसरत थेट डोलकाठीच्या तळाशी गेली.

स्क्रूंची लांबी मोजून कापावी. आत चार-पाच मिलिमीटर बाहेर आलेले धारदार टोक हॅलयार्डचे आवरण एका हंगामात सोलून काढते.

नांगर

आतून पट्टी बसवण्यापेक्षा रिव्हेट-नट घालणे सोपे नाही का? भोक पाडायचे, नट फुगवायचा आणि स्क्रू लावायचा.

कानस

हलक्या वस्तूंसाठी ते ठीक आहे. विंचसाठी नको, कारण दोन-चार वर्षांनी स्क्रू जाम झाला की रिव्हेट-नट भिंतीतच फिरू लागतो. मग स्क्रू बाहेर येत नाही आणि आतही जात नाही, आणि आपण पान्हा हातात घेऊन नुसते पाहत उभे राहतो.

लाकूडकाम

माझी डोलकाठी लाकडाची असल्यामुळे मी सिलिकॉन-ब्राँझचे स्क्रू इपॉक्सीने सील केलेल्या भोकांत लावतो आणि ही चर्चा निश्चिंत मनाने वाचतो. कार्बनच्या डोलकाठीवाल्यांना मात्र सावध करतो. कार्बन हाही विद्युत-रासायनिक दृष्ट्या स्टेनलेसच्या बाजूचाच आहे, त्यामुळे तेथे ॲल्युमिनियमचे रिव्हेट फार लवकर खाल्ले जातात.

शीडवाला

कानस यांची पट्टीची पद्धत करून पाहण्याचे ठरवले आहे. आता शेवटचा प्रश्न राहतो. मधला थर नेमका कशाचा द्यावा आणि आट्यांना काय लावावे? आट्यांना निळे लॉकटाइट लावावे की टेफ-जेल, यावर मला दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत.

धातुविचार

दोन्ही एकाच आट्यावर लावू नयेत, कारण लॉकटाइट आटे पकडून ठेवण्यासाठी आहे आणि टेफ-जेल ते सरकते ठेवण्यासाठी. ड्युरालॅक, टेफ-जेल आणि लॅनोलिनचे मलम या तिघांचाही मुख्य उपयोग खारे पाणी जोडात शिरू न देणे हा आहे. ड्युरालॅकच्या मूळ पिवळ्या मिश्रणात बेरियम क्रोमेट असते, म्हणून ते हातमोजे घालूनच हाताळावे आणि वाळल्यावर ते कोरडे घासून धूळ उडवू नये. वस्तूच्या तळाखाली नायलॉनची किंवा तत्सम प्लॅस्टिकची पातळ चकती कापून घालावी आणि ती वस्तूच्या कडेबाहेर किंचित दिसेल इतकी मोठी ठेवावी. अगदी कडेबरोबर कापली तर मिठाचा थर तिच्यावरून पूल बांधतो.

माझ्या स्वतःच्या विंचला मी टेफ-जेल लावतो आणि दर दुसऱ्या वर्षी चारही स्क्रू पूर्ण काढून, पुसून, पुन्हा लावतो. जो स्क्रू दहा वर्षे हलवलेला नाही तो अकराव्या वर्षी हलेल अशी आशा धरू नये.

अर्धा_आटा

भोकांच्या जागांबद्दल एक राहिले. नवी भोके एका आडव्या रेषेत ओळीने पाडू नयेत, ती वरखाली सरकवावीत. एकाच पातळीवर डोलकाठीचा परीघ चार-पाच ठिकाणी कापला गेला तर वाकण्याचा ताण नेमका तेथे एकवटतो. जुनी रिकामी भोके वेल्डिंगने भरून घेण्याचा मोहही टाळावा. 6061-T6 सारख्या, उष्णतेने कडक केलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला वेल्डिंगची उष्णता लागली की आसपासच्या पट्ट्याची ताकद बरीच घटते. रिकाम्या भोकात एक रिव्हेट मारून टाकणे पुरेसे आहे.

शीडवाला

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. कड्या ॲल्युमिनियमच्या मिळाल्या आणि ॲल्युमिनियमच्याच रिव्हेटांनी बसल्या. खोगीर-ब्रॅकेट 4.8 च्या आठ मोनेल रिव्हेटांवर, खाली नायलॉनची चकती देऊन बसवले आणि सगळे खिळे मोजून बाहेर काढले. ते आठ भरले. विंचमागची पट्टी 8 मिलिमीटरची आहे. ती आत ओढताना तार शेवटपर्यंत सोडली नाही, तरी पट्टी पहिल्या खेपेस उलटी वळून आली, कारण घासलेला चेहरा कोणता यावर मी खूण केली नव्हती. दुसऱ्या खेपेस मागच्या बाजूला लाल रंगाचा ठिपका दिला आणि ती नीट बसली. स्क्रूंना टेफ-जेल लावले आहे. खालच्या दोन स्क्रूंच्या डोक्यांवरून विंचच्या तळापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली आहे, म्हणजे ते जरासे फिरले तरी रेघ तुटलेली दिसेल.

अर्धा_आटा

माझ्या विंचच्या खालच्या दोन स्क्रूंपैकी एक अर्धा फेरा सैल निघाला. उलटा_वारा यांचा मी आभारी आहे.